शिशाच्या कीलमध्ये थंडाव्याच्या नळ्या: नाशिकमध्ये ओतकाम करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

शिडाच्या बोटीत इलेक्ट्रिक मोटर बसवायची ठरली की तिची आणि कंट्रोलरची उष्णता कुठे सोडायची, हे सर्वांत आधी ठरवावं लागतं. रूढ पद्धतीत बुडाला भोक पाडून समुद्राचं पाणी आत घेतात, गाळणी आणि पंपातून फिरवतात आणि बाहेर टाकतात. कोकणातल्या खाड्यांमध्ये या वाटेवर गाळ येतो, प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात आणि महिनाभर बोट उभी राहिली तर भोकाच्या तोंडावर शिंपल्यांची वस्ती होते. शिवाय पाण्याच्या पातळीखालचं प्रत्येक भोक ही कायमची काळजी असते.

दुसरी वाट कीलमधून, म्हणजे बोटीच्या बुडाखाली उभ्या पंखासारख्या लावलेल्या जड धातूच्या भागातून जाते. कील आधीच पाण्यात असते, धातूची असते आणि तिला दोन्ही बाजूंनी पाणी लागतं. ओततानाच तिच्या पोटात तांब्याच्या नळ्या ठेवल्या, तर बंद चक्रात फिरणारं पाणी मोटरकडून उष्णता घेतं आणि कीलमधून जाताना ती समुद्राला देतं. समुद्राचं पाणी बोटीत येतच नाही.

हे काम नाशिकमध्ये चांगलं होऊ शकतं. सातपूर आणि अंबड एमआयडीसीत ओतकाम, फॅब्रिकेशन, पॅटर्न (साचा घडवायचा नमुना) आणि मशिनिंग करणारे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तांब्याची जाण असलेले हात भांडी बाजाराच्या परिसरात आजही सापडतात. इथली उन्हाळ्याची हवा कोरडी असते, आणि वितळलेल्या शिशाच्या कामात कोरडेपणाइतकी मोलाची दुसरी गोष्ट नाही. तयार कील ट्रकवर घालून कसारा घाटाने किनाऱ्यावर न्यायची.

ओतल्यानंतर नळी दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे या लेखाचा मोठा भाग ओतण्याच्या आधीच्या कामावर आहे.

हे कुणासाठी नाही

डिझेल इंजिनसाठी हा मार्ग धरू नका. डिझेल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा थंडाव्याच्या पाण्यात सोडतं. म्हणजे शाफ्टवर १० किलोवॅट देणारं इंजिन जवळपास तेवढीच उष्णता कीलवर लादेल. छोट्या कीलला ती बाहेर टाकायला स्वतः खूप गरम व्हावं लागेल, आणि गरम शिसं ताणाखाली हळूहळू सरकतं. कीलला बोटीशी जोडणारे बोल्ट ज्या शिशाला धरून आहेत ते शिसं मऊ पडू देणं म्हणजे बोटीच्या जिवाशी खेळ. बाहेरचं एपॉक्सीही ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. कीलमधलं पाणी ४५ ते ५० अंशांच्या वर जाणार नाही, अशीच रचना करावी. काही किलोवॅटची इलेक्ट्रिक मोटर, चार्जर आणि फ्रिजचा कंडेन्सर एवढंच या पद्धतीचं क्षेत्र आहे.

आधी कागदावर

उदाहरणासाठी ६०० किलोची फिन कील घेऊ: लांबी १.२ मीटर, उंची ०.६ मीटर, सरासरी जाडी सव्वासात सेंटिमीटर, मधोमध साधारण १० सेंटिमीटर. शिशाची घनता पाण्याच्या ११.३४ पट आहे, तेव्हा ६०० किलो शिसं म्हणजे जेमतेम ५३ लिटर.

मोटर ६ किलोवॅट वीज घेणारी. मोटर आणि कंट्रोलर मिळून १५ टक्के उष्णतेत जातात असं धरलं तर ९०० वॅट. थोडी सूट ठेवून १,२०० वॅटचा हिशेब करू.

नळी तांब्याची, पाच सूत, म्हणजे बाहेरून सुमारे १६ मिलिमीटर. दोन स्वतंत्र चक्रं, प्रत्येकाची शिशात बुडालेली लांबी अडीच मीटर, आणि दोन्ही मिळून मिनिटाला ८ लिटर पाणी. एवढ्या प्रवाहात १,२०० वॅटने पाणी फक्त दोन अंश तापतं. पाण्यातून नळीत उष्णता जाताना आणखी दोन अंश खर्च होतात, आणि नळीपासून कीलच्या पृष्ठभागापर्यंतच्या पाच सेंटिमीटर शिशात सव्वादोन. शिशाची उष्णतावाहकता ३५ (वॅट प्रति मीटर प्रति अंश) आहे, तांब्याची ४०० च्या आसपास. त्यामुळे शिसं थंडाव्याला कुचकामी असं पुष्कळांना वाटतं, पण इतक्या कमी अंतरासाठी ३५ पुरेसे आहेत.

खरी अडचण कातडीत आहे. एपॉक्सीची वाहकता ०.२ च्या घरात असते. कीलचं सुमारे एक चौरस मीटर क्षेत्र उष्णता सोडतंय असं धरलं, तर अर्धा मिलिमीटर एपॉक्सी तीन अंश खातं. तेच ४ मिलिमीटर पुट्टी थापली, तर साध्या एपॉक्सीइतकी वाहकता धरूनही २४ अंश जातात, आणि बारीक पोकळ गोळे मिसळलेल्या हलक्या पुट्टीत त्याहून जास्त. नवखे लोक नळीची लांबी वाढवण्यावर डोकं चालवतात आणि शेवटी कील गुळगुळीत करायला पुट्टीचा जाड थर देतात. तिथे सगळी मेहनत बुडते. म्हणून कीलचा आकार साच्यातच अचूक यायला हवा. या एका वाक्याने पुढची अर्धी कामं ठरतात.

स्थिर पाण्यात कीलपासून पाण्यापर्यंत आणखी चार अंश धरा. बोट चालत असेल तर ते बरेच कमी होतात. एकूण बेरीज बारा-तेरा अंश. समुद्र ३० अंशांवर असेल तर कीलमध्ये येणारं पाणी ४२-४३ वर आणि मोटरकडे परत जाणारं ४०-४१ वर राहील. हा आकडा तुमच्या मोटर आणि कंट्रोलरच्या पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून पाहा. पुस्तिका ४० च मागत असेल, तर नळी वाढवून फार फरक पडणार नाही. कातडी पातळ करा किंवा उष्णता कमी करा.

वजनाची चिंता फारशी नको. नळ्यांनी एक लिटर शिशाची जागा घेतली, तर नळी आणि पाण्याचं वजन वजा जाता आठ-नऊ किलो कमी होतात. मात्र नळ्यांचा आराखडा बोटीच्या डिझायनरला दाखवून त्याची लेखी संमती घ्या. कील ही बोट उलटू न देणारी वस्तू आहे, आणि तिच्या आतली पोकळी कुठे असावी हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे.

नळीची निवड आणि वळणं

एसी-फ्रिजवाल्यांकडे मिळणारी मऊ तांब्याची गुंडाळी घ्या. साधारण १५ मीटरच्या एका गुंडाळीत दोन्ही चक्रं निघून सरावालाही नळी उरते. गुंडाळीचा फायदा असा की शिशाच्या आत एकही सांधा येत नाही. हा नियम मोडू नका. कथलाचा साधा डाख तर शिशाच्या आत चालणारच नाही, कारण तो २३० अंशांच्या आतच वितळतो आणि शिसं त्याहून दीडशे अंश गरम येतं. ब्रेझिंग ६०० अंशांच्या वर होतं, त्यामुळे ते ओतकामात टिकतं. तरीही ते कीलच्या बाहेर, हात पोचेल अशाच जागी करा.

स्टेनलेस नळी सुचवणारे भेटतील. ती भक्कम असते, पण तिची वाहकता शिशाच्याही निम्म्याहून कमी आहे आणि हाताने वळवणं कठीण. मी तांबंच घेईन.

प्रत्येक चक्र म्हणजे आडवा पडलेला एक यू. पाणी खालच्या आडव्या नळीतून आत जावं, वळणातून वर चढावं आणि वरच्या आडव्या नळीतून बाहेर पडावं. दोन आडव्या नळ्यांत १२ सेंटिमीटर अंतर ठेवा, म्हणजे वळणाची त्रिज्या ६ सेंटिमीटर येते आणि बेंडरवर नळी चेपत नाही. वरच्या चक्राची तोंडं कीलच्या पुढच्या बाजूला काढा, खालच्याची मागच्या बाजूला. म्हणजे नळ्या एकमेकींना ओलांडत नाहीत. वरच्या चक्राचं वळण मागच्या उभ्या नळ्यांच्या अलीकडे संपवायचं, एवढं ध्यानात ठेवा.

नळी आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत मध्ये कुठेही उंचवटा नको. तिथे हवा अडकते, आणि कीलच्या पोटात उंचवट्यावर बसलेली हवा पुढे काढणं फार कठीण जातं.

कडांपासून अंतरं अशी ठेवा: तळापासून किमान १० सेंटिमीटर, कारण खडकावर आपटल्यावर पहिली चेपते ती तळाची कड. पुढच्या कडेपासूनही तेवढंच. मागची कड पातळ असते, तिथे १५. कील-बोल्टपासून ५ सेंटिमीटर. नळीची टोकं शिशाच्या वरच्या पातळीच्या किमान २० सेंटिमीटर वर राहू द्या.

वळवून झाल्यावर नळीची तपासणी एसी मेकॅनिककडून नायट्रोजनने करून घ्या. एक टोक बंद करायचं, दुसऱ्यातून दाब द्यायचा आणि नळी पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे पाहायचे. पाण्याने आतून दाब देऊ नका. वळणात राहिलेला चमचाभर पाण्याचा थेंब ओतकामाच्या वेळी घातक ठरतो.

कल्हई

शुद्ध शिसं तांब्याला सहज चिकटत नाही. गार होताना शिसं तांब्यापेक्षा जास्त आकसतं, त्यामुळे नळीला आवळून धरतं आणि उष्णता जाण्याइतका स्पर्श राहतो. पण शिसं काळाने ढिलं पडतं. नळीला बाहेरून कथलाची पातळ कल्हई केली, तर कथील दोन्ही धातूंना धरतं आणि मध्ये फट उरत नाही.

कल्हईवाले भांड्याला आतून कथील देतात, आपल्याला ते नळीच्या बाहेरून हवं. नळी तापवून नवसागर लावायचा आणि कथील कापसाने पुसत न्यायचं, पद्धत तीच. नवसागर आत जाऊ नये म्हणून टोकांत सैल कापूस ठेवा, घट्ट बूच नको. काम झाल्यावर नळी गरम पाण्याने बाहेरून चांगली धुवा, नवसागराचा अंशही उरू देऊ नका, आणि मग उन्हात वाळवा. नवसागर उरला तर ओतताना धूर आणि पोकळ्या, आणि नंतर गंज. कल्हई न करताही कील चालते, पण तिचा खर्च इतका थोडा आहे की मी ती टाळणार नाही.

नळ्या तरंगतात

नवख्याच्या ध्यानात न येणारी गोष्ट ही आहे. तांबं शिशापेक्षा हलकं आहे, आणि पोकळ नळी तर फारच हलकी. पाच सुती नळीचा एक मीटर वितळलेल्या शिशात जवळपास पावणेदोन ते दोन किलोच्या जोराने वर येऊ पाहतो. दोन्ही चक्रांचा मिळून नऊ-दहा किलोचा वर ढकलणारा जोर. कील-बोल्टचा स्टीलचा सांगाडाही शिशात तरंगतो.

म्हणून बोल्ट आणि नळ्या यांचा एकच पिंजरा बनवा. बोल्टच्या सांगाड्याला आडव्या पातळ स्टेनलेस सळ्या वेल्ड करून त्यांवर नळ्या स्टेनलेस तारेने दर १५ सेंटिमीटरवर बांधा. तार नळीत रुतेल इतकी आवळू नका. प्लास्टिकच्या पट्ट्या, दोरी, लाकडी ठोकळे यातलं काहीही आत राहता कामा नये. पिंजरा वरून साच्यावरच्या जाड आडव्या चॅनेलला नट-बोल्टने पक्का करा, आणि तो चॅनेल साच्याला. पिंजरा रिकाम्या साच्यात बसवून नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीने मोजा. त्याचे फोटो आणि मापं जपून ठेवा. पुढे कुणी कीलमध्ये भोक पाडायला निघालं, तर नळी कुठे आहे हे सांगणारा तोच एक कागद असेल.

साचा

पहिल्याच वेळी घराच्या अंगणात खड्डा खणून शिसं ओतू नका. परदेशी व्हिडिओंमध्ये ते सोपं दिसतं. शिशाचं काम नियमित करणारी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असलेली ओतशाळा शोधा आणि तुमचा पिंजरा, पॅटर्न आणि आराखडा घेऊन तिथे जा. ओतशाळेतल्या अनुभवी कारागिराला पिंजरा दाखवून विचारा की धार कुठून द्यायची. त्याचं उत्तर ऐकून आराखडा बदलावा लागला तर बदला.

साचा सीओटू सॅंडचा (कार्बन डायऑक्साइड वायूने घट्ट केलेल्या वाळूचा) किंवा जाड पत्र्याचा. पॅटर्नवाल्याशी आकुंचनाची सूट आधी ठरवा आणि पॅटर्नचा पृष्ठभाग घासून, रंगवून अगदी सफाईचा करून घ्या. इथे मारलेला प्रत्येक हात पुढे पुट्टी वाचवतो.

साच्याची ताकद अंदाजाने ठरवू नका. ६० सेंटिमीटर उंचीचं वितळलेलं शिसं तळावर चौरस मीटरला साधारण साडेसहा टनांचा दाब देतं. आपल्या कीलच्या प्रत्येक बाजूवर मिळून सुमारे अडीच टन पडतात. पत्र्याच्या साच्याला बाहेरून अँगलच्या पट्ट्या हव्यात आणि शक्यतो तो वाळूच्या खड्ड्यात उभा करून चहूबाजूंनी वाळू ठोकून बसवावा. सांधा फुटला तर ५३ लिटर शिसं कामगारांच्या पायाशी येतं.

आणि कोरडेपणा. पाण्याची वाफ झाली की घनफळ १,६०० पटींहून जास्त होतं. शिशाखाली अडकलेला थेंब शिसं कारंज्यासारखं उडवतो. साचा, पिंजरा, नळ्या, पळ्या, ढवळायचा गज, भट्टीत टाकायच्या शिशाच्या विटा, सगळं गरम करून कोरडं केलेलं असावं. जून ते सप्टेंबर नाशिकमध्ये हे काम काढू नका. फेब्रुवारी ते मे हा काळ सर्वांत बरा, आणि वळवाचे ढग दिसले तर तारीख पुढे ढकला.

शिसं कुठलं

शुद्ध शिसं फार मऊ. २ ते ४ टक्के अँटिमनी असलेलं शिसं घ्या, विटांच्या रूपात, स्पेक्ट्रो तपासणीच्या (कुठला धातू किती टक्के हे दाखवणाऱ्या) कागदासह. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा सल्ला कुणी दिला तर तिथून निघून या. त्यात आम्ल आणि विषारी धातू असतात, आणि तो व्यवहार नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्यांनीच करायचा आहे. ६०० किलोच्या कीलसाठी ६४० किलो विकत घ्या. शिसं घट्ट होताना साधारण साडेतीन टक्के आकसतं, म्हणजे वीसेक किलो वरून भरावं लागतं. थोडं वितळलेल्या शिशावर तरंगणाऱ्या मळीतही जातं.

अंगाची काळजी

शिसं शरीरात साठतं आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा सर्वांत वाईट परिणाम होतो. कामाच्या जागी मुलं आणि गरोदर स्त्रिया नकोत. पी-१०० फिल्टरचा मास्क, पूर्ण चेहऱ्याची ढाल, चामड्याचे हातमोजे आणि ॲप्रन, तोंड झाकलेले बूट आणि त्यावर येणारी पँट. तिथे चहा नाही, तंबाखू नाही, बिडी नाही. हे शेवटचं सगळ्यांना आधी सांगा, कारण शिसं हातावरून तोंडात जाण्याचा तोच नेहमीचा रस्ता आहे. कपडे घरच्या कपड्यांत धुवू नका. काम मोठं असेल तर आधी आणि नंतर रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या.

धुतल्याचं पाणी गटारात सोडू नका. आपल्या शहरातली गटारं आणि नाले शेवटी गोदावरीकडेच वाहतात. मळी, कीस आणि पुसलेली फडकी डब्यात बंद करून ओतशाळेकडेच परत द्या.

ओतण्याचा दिवस

शिसं ३२७ अंशांना वितळतं, अँटिमनी असलेलं त्याहून थोडं आधी. ओतायचं तापमान ३८० ते ४०० ठेवा आणि ते थर्मोकपलने मोजा, रंगावरून नाही. ५०० च्या पुढे शिशाची वाफ झपाट्याने वाढते. ६४० किलो शिसं वितळवायला प्रत्यक्षात फार ऊर्जा लागत नाही, एक किलो गॅसमधल्या उष्णतेइतकीच, बाकी सगळी भट्टीतून वाया जाते. म्हणून मोठा बर्नर लावून घाई करण्यात अर्थ नाही. त्याने फक्त कडेचं शिसं जास्त तापतं.

साचा आणि पिंजरा बर्नरने १५० अंशांपर्यंत तापवा. याने उरलीसुरली ओल जाते, आणि थंड नळीवर शिसं पडताच गोठून थर वेगळे राहण्याचा धोका टळतो. नळ्यांची दोन्ही टोकं उघडी ठेवा. फक्त शिंतोडे आत जाऊ नयेत म्हणून त्यांवर पत्र्याची सैल टोपी घाला. बंद टोकात तापलेली हवा दाब धरते. नळीत वाळू भरायची का, असं बरेच जण विचारतात. ६० सेंटिमीटर शिशाचा दाब पाऊण बारही होत नाही, तो तांब्याची नळी सहज पेलते. वाळू नको, ती नंतर निघत नाही.

मळी काढून, शिसं एकदा ढवळून, एकाच धारेत न थांबता ओता. धार थेट नळीवर पडू देऊ नका. ती नळी वाकवते आणि कल्हई धुऊन नेते. पातळी वर येत जाते तसं कुणीतरी एकाने फक्त पिंजऱ्याच्या चॅनेलकडे पाहत राहायचं. तो उचलला जातोय असं दिसलं तर ओतणं थांबवायचा हक्क त्याचा.

भरल्यावर वरच्या तोंडावर बर्नरची ज्योत फिरवत ठेवा, म्हणजे कील तळाकडून वर गोठत येते आणि आकसण्याची खळगी वरच्या बाजूला उघडी राहते. तिच्यात गरम शिसं पुन्हा पुन्हा भरत राहा. ही तासाभराची चिकाटी आहे, आणि इथेच कंटाळून लोक वरचा भाग पोकळ ठेवतात, जिथे बोल्टला सर्वांत जास्त ताण येतो. पाणी मारून गार करू नका. रात्रभर आणि दुसरा दिवसभर तसंच राहू द्या, मगच हायड्रा क्रेन बोलवा.

तपासणी

साच्यातून काढल्यावर आता पाण्याने दाब द्यायला हरकत नाही. प्लंबरच्या टेस्टिंग पंपाने ६ बार देऊन एक रात्र ठेवा. काटा उतरला तर ते चक्र कायमचं बाद, म्हणूनच दोन चक्रं वेगळी ठेवली.

मग प्रवाह: बादली आणि घड्याळ घेऊन दोन्ही चक्रांतून सारख्या दाबाने किती पाणी येतं ते मोजा. एकीत स्पष्ट कमी येत असेल तर कुठेतरी नळी चेपली आहे.

शेवटी उष्णता. ५० अंशांचं पाणी फिरवा आणि इन्फ्रारेड गनने पृष्ठभाग पाहा. चकचकीत शिशावर गन चुकीचं, कमी तापमान दाखवते, म्हणून आधी मास्किंग टेपच्या पट्ट्या चिकटवा आणि त्यांवर मोजा. नळ्यांच्या जागी उष्ण पट्टे सलग यायला हवेत. मधेच गार तुकडा असेल तर तिथे नळी आणि शिशात फट आहे. एखादी छोटी फट चालेल. ही तपासणी कील उघडी असताना शेततळ्यात किंवा विहिरीत बुडवून करू नका.

कातडी

खडबडीत जागा रंध्याने तासा. शिसं लाकडासारखं तासलं जातं, तेल लावलं की आणखी सोपं. रंध्याचा कीस गोळा करता येतो, सँडरची धूळ श्वासात जाते. कोरडी घासाई करूच नका. उघडं शिसं लगेच काळवंडतं आणि त्यावर एपॉक्सी धरत नाही, म्हणून पहिला पातळ एपॉक्सीचा हात ओला असतानाच तारेच्या ब्रशने त्यातून घासा. धूळ एपॉक्सीतच बसते आणि पकड घट्ट येते. मग पाणी अडवणारा पातळ बॅरिअर कोट, मग अँटिफाउलिंग (शिंपले चढू न देणारा रंग), आणि सगळं मिळून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पुट्टी फक्त खड्ड्यांत. बोट गंगापूर धरणासारख्या गोड्या पाण्यात राहणार असेल तर अँटिफाउलिंग सोडून द्या, पण एपॉक्सी हवंच.

नळ्या शिशातून जिथे वर येतात तिथे एपॉक्सीचं घट्ट कडं करा. तांबं आणि शिसं यांच्यामध्ये खारं पाणी शिरलं तर खाल्लं जातं ते शिसं.

बोटीत जोडताना

बुडातली भोकं नळीपेक्षा मोठी पाडा, एपॉक्सीने भरा, मग योग्य मापाने पुन्हा पाडा, म्हणजे आतल्या लाकडात पाणी जात नाही. कील आणि बूड यांच्यात बारीक हालचाल होत राहते. म्हणून नळी बुडाला कडक जखडू नका. भोवती लवचिक पॉलियुरेथेन सीलंट आणि वर लगेच रबरी होज, दोन-दोन क्लिपांसह. या होजमुळे कील बोटीच्या विजेपासूनही अलग राहते. नळ्यांना बॅटरीची ऋण वायर कधीही जोडू नका.

कीलमधून आलेलं पाणी पंप, मग कंट्रोलर, मग मोटर या क्रमाने न्या. कंट्रोलरला सर्वांत थंड पाणी लागतं. प्रत्येक चक्राला दोन व्हॉल्व्ह, आणि विस्ताराची टाकी सगळ्यांत उंच जागी. पाण्याऐवजी तयार मिश्रणाचं कूलंट किंवा बॅटरीचं डीएम पाणी आणि गंजरोधक. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, पण नळाचं पाणी तांब्यात क्षार साठवतं.

ओहोटीत बोट गाळावर बसली किंवा गोदीत उभी असली तर कीलला पाणी लागत नाही. तरी ६०० किलो शिसं स्वतः उष्णता साठवतं. १,२०० वॅटने ते मिनिटाला साधारण एक अंश तापतं. म्हणजे दहा-पंधरा मिनिटांची मोटर चाचणी जमिनीवर बिनधास्त घ्या, त्यापुढे नको.

कीलमध्ये जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या नळीवर प्रत्येक चक्राला एकेक तापमापक बसवा आणि पहिल्या फेरीत पूर्ण भारावरचे आकडे समुद्राच्या तापमानासह लिहून ठेवा. पुढे बाहेर येणारं पाणी समुद्राच्या मानाने हळूहळू जास्त गरम राहू लागलं तर कीलवर शिंपले चढले आहेत, तिला घासायला हवं. एकाच चक्राचे आकडे अचानक बदलले तर त्यात हवा अडकली आहे. दुसऱ्या चक्राचा व्हॉल्व्ह बंद करा, पंप पूर्ण वेगाने हवा अडकलेल्या चक्रातून चालवा आणि टाकीत बुडबुडे येणं थांबेपर्यंत चालू ठेवा.